एका पत्राचे दोन वाचक

१८७८ मध्ये गोपाळराव जोशी यांनी कोल्हापूरहून अमेरिकेतील मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीला शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे काही काम मिळेल काय, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डरांना त्यात धर्मांतराची संधी दिसली. ख्रिस्ती होण्याचा उपदेश करून त्यांनी हा पत्रव्यवहार 'मिशनरी रिव्ह्यू'त छापला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबल्या असता तोच मजकूर वाचला. त्यांना त्यात शिकू पाहणारी मुलगी दिसली आणि त्यांनी मदतीचे पत्र धाडले.

सातासमुद्रापारच्या अनोळखी बाईला एवढा जिव्हाळा कशासाठी? वाइल्डरांच्या उत्तरानंतर अशी शंका कोणालाही आली असती, आणि पत्रातल्या गोड शब्दांनी ती फिटण्यासारखी नव्हती. तिचे उत्तर पुढच्या वर्षांनी दिले. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. त्या आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या हिंदू राहूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवण्यात आली आणि पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

पत्राचा हेतू केवळ पत्रात शोधणारा अभ्यासक अर्ध्या वाटेवर थांबतो. लिहिणाऱ्याने पुढे काय केले, हेही त्या पत्राचेच पान समजून वाचावे लागते.