हिमखंड आणि चषक

ग्रीष्मातल्या सायंकाळी चार मित्र जमले असता उंच काचेच्या पेल्यात आइसक्रीमचा गोळा सोडावा, त्यावर काळी बिअर किंवा रम आणि सोडा संथ धारेने ओतावा, आणि तळातून उसळणारा फेस पेल्याच्या काठाशी येऊन थबकेपर्यंत सर्वांनी संभाषण थांबवून त्याकडे पाहत राहावे, हा प्रघात आज अनेक देशांतल्या मेजवान्यांत रूढ झाला आहे. वरवर पाहता हा केवळ चैनीचा विषय. परंतु त्या पेल्यात एकत्र आलेल्या पदार्थांची वंशावळ शोधू लागले, म्हणजे ती सुरतेच्या वखारीपासून न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांपर्यंत आणि मुंबईच्या गोदीपासून फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनापर्यंत जाऊन पोचते. मद्य मनुष्याजवळ फार प्राचीन काळापासून आहे, आणि ते काढण्याची कला ज्यास अवगत नाही असा प्रदेश विरळा. दुर्मीळ होती ती थंडी. म्हणून या पेयाचा इतिहास लिहावयाचा, तर तो मद्याचा न लिहिता बर्फाचा लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे.

इ. स. १६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस आला, तेव्हा तेथील इंग्रज वखारीतील मंडळी मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण पीत असल्याचे त्याने नमूद करून ठेवले. त्या पेयाचे नाव त्याने ‘पालेपुंट्झ’ असे लिहिले; पुढे ‘पंच’ या नावाने जे पेय युरोपभर पसरले त्याचेच हे एक जुने रूप, आणि त्या नावाचे मूळ आपल्या ‘पाच’ या संख्येत आहे, अशी व्युत्पत्ती पुष्कळ कोशकार देत आले आहेत. सुरतेच्या त्या पेल्यात आंबट, गोड, सुगंधी आणि मादक असे सर्व काही होते. बर्फ मात्र नव्हता. बर्फ हे त्या काळी बादशाही वैभवाचे लक्षण होते. अकबराच्या दरबारी पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग करीत, आणि १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात गेल्यावर उत्तरेच्या पहाडांतून लाहोरास बर्फ आणण्याचा शिरस्ता पडला, असे ‘ऐने अकबरी’त अबुल फजलने लिहून ठेवले आहे. नावा, गाड्या आणि हमाल यांची अखंड साखळी त्यासाठी राबत असे. एवढा सरंजाम ज्याच्या हुकमतीत, त्याच्याच ओठांस ग्रीष्मात गार घोट लागावयाचा.

ही स्थिती पालटली ती कोणा बादशहाच्या फर्मानाने नव्हे, तर बॉस्टनच्या एका हट्टी व्यापाऱ्यामुळे. फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ मध्ये आपल्या प्रांतातील तळ्यांवर गोठलेला बर्फ, अंदाजे १३० टन, ‘फेव्हरिट’ नावाच्या जहाजात भरून वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर रवाना केला, तेव्हा बॉस्टनच्या शहाण्यासुरत्या लोकांनी त्याला वेड्यात काढले. त्या सफरीत त्याला तोटाच आला. कारण बेटावर बर्फ साठविण्यास घर नव्हते आणि त्याचे करावयाचे काय, हेही लोकांस ठाऊक नव्हते. परंतु याच सफरीतली एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. सेंट पिएर येथील टिवोली नावाच्या उद्यानाचा चालक म्हणू लागला की, या उष्ण देशात आइसक्रीम होणेच शक्य नाही. ट्यूडरने स्वतः पुढे होऊन ते करविले, आणि पहिल्याच रात्री तीनशे डॉलरांचे आइसक्रीम खपले. ज्यास आपण केवळ माल समजत होतो, त्यासोबत त्याचा उपयोगही लोकांस शिकवावा लागतो, हे ट्यूडरने तेथे ओळखले. पुढे त्याने आपल्या गुमास्त्यांस असा सल्ला दिला की, मद्यगृहाच्या मालकास प्रथम बर्फ फुकट द्यावा आणि थंड पेय व कोमट पेय एकाच दराने विकावयास सांगावे. एकदा जिभेस गारव्याची सवय जडली की, गिऱ्हाईक कोमट पेल्याकडे परतणार नाही. मद्याचा पेला आणि बर्फ यांचे लग्न लागले ते असे व्यापाराच्या मांडवात.

१८२५ मध्ये नॅथानिएल वायेथ याने घोड्यांनी ओढावयाचे बर्फ कापण्याचे यंत्र तयार केले. त्यामुळे तळ्यावरचा बर्फ सारख्या आकाराच्या चौकोनी लाद्यांत निघू लागला, लादीस लादी चिकटून बसू लागली, आणि भोवती लाकडाचा भुसा भरला म्हणजे महिनोन्‌महिने टिकू लागली. या बळावर ट्यूडरने हिंदुस्थानकडे दृष्टी वळविली. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्यास लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. सरकारने या मालावरील जकात माफ केली आणि उन्हाचा ताप टळावा म्हणून तो रात्री उतरवून घेण्याची परवानगी दिली.

दुसऱ्या वर्षी, १८३४ मध्ये, हा अमेरिकन बर्फ मुंबईस आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो आणविला आणि तो रतलास चार आणे या दराने विकला गेला. जमशेटजी जीजीभॉय, ज्यांना पुढे १८४२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, त्यांनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांस आइसक्रीम दिले, आणि त्यानंतर यजमान व पाहुणे या दोघांनाही पडसे झाल्याचे वर्तमान ‘मुंबई समाचार’ने छापले. ही बातमी वाचताना मला नेहमी त्या रात्रीच्या दिवाणखान्याची ओढ लागते. झुंबरांखाली बसलेल्या, समुद्रव्यापारात मुरलेल्या त्या पारशी गृहस्थांनी चांदीच्या चमच्याने पहिला घास घेतला असेल, तेव्हा दाताला लागलेली ती कळ त्यांच्या संपूर्ण आयुष्यातली पहिलीच असली पाहिजे. पुढे अपोलो स्ट्रीटवर, गोदीच्या निकट, वर्गणी जमवून बर्फाचे घर बांधण्यात आले. ते आज राहिलेले नाही. मद्रासचे बर्फघर मात्र समुद्रकिनाऱ्यावर अद्याप उभे आहे. १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतलेल्या विवेकानंदांचा मुक्काम तेथेच होता, आणि त्यांच्याच नावाने ती वास्तू आता ओळखली जाते.

हेन्री डेव्हिड थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तेथला बर्फही १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजुरांनी कापून नेला. आपल्या विहिरीचे पाणी आता मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पिणार, हा विचार त्याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या आनंदाने मांडला आहे. मुंबईच्या एखाद्या बंगल्यातील ब्रँडीच्या पेल्यात वॉल्डनचा तुकडा खरोखर विरघळला की नाही, हे कोण सांगणार. परंतु ही कल्पना मला अतिशय प्रिय आहे.

पेल्यातला तिसरा घटक सोडा. त्याचा जन्म, योगायोगाने म्हणा, मद्याच्याच घरी झाला. १७६७ मध्ये लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक बिअरच्या भट्टीशेजारी राहत असे. आंबणाऱ्या द्रवाच्या पिंपावर जो वायू साचून राहतो, त्यात पाण्याचे भांडे धरून त्याने पाण्याला वायूची चव आणली. १७८३ मध्ये याकोब श्वेप याने जिनिव्हा येथे त्याचा कारखाना काढला. आपल्याकडे हे पाणी गोटीच्या बाटलीत आले. हायरम कॉड याची ती युक्ती १८७२ ची. मुंबईत पालनजी यांचा कारखाना १८६५ पासूनचा आणि दिनशाजी पांडोळ यांचा ड्यूक १८८९ पासूनचा, आणि रास्पबेरीच्या लाल बाटलीवाचून पारशी लग्नातले भोजन पुरे होत नाही, हे मुंबईकरास सांगावयास नको.

आता फिलाडेल्फियाकडे वळतो, कारण या शहराचे ऋण दुहेरी आहे. १८४३ मध्ये तेथल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवावयाच्या आइसक्रीमच्या यंत्राचे पेटंट घेतले. बर्फात मीठ मिसळले म्हणजे बर्फ वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो भोवतालच्या पदार्थांतून ओढून घेतो, एवढ्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. परंतु त्यामुळे श्रीमंतांच्या स्वयंपाकघरातला पदार्थ सामान्य कुटुंबाच्या अंगणात आला. पुढे १८७४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन याने सोड्याचे दुकान मांडले होते. एके दिवशी सोड्यात घालावयाची साय संपली आणि त्याने तिच्याऐवजी आइसक्रीम घातले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. शेजारच्या मोठ्या दुकानाकडे जाणारे गिऱ्हाईक आपल्याकडे ओढण्यासाठी त्याने हे जाणूनबुजून केले, असेही एक मत आहे. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, कारण गरजेपेक्षा स्पर्धा माणसास अधिक कल्पक करते. या शोधावर हक्क सांगणारे इतरही होते. परंतु ग्रीनने आपल्या मृत्युपत्रात थडग्यावर ‘आइसक्रीम सोड्याचा जनक’ असे कोरण्याची आज्ञा करून ठेवली, आणि त्याचा वाद त्याच्यापुरता मिटला.

मद्याचे हिमपदार्थाशी नाते मात्र त्याहून जुने होते. युरोपातील उमरावी भोजनात मांसाच्या दोन पक्वान्नांमध्ये ‘रोमन पंच’ वाढण्याची चाल होती: लिंबाचा हिम, रम आणि शँपेन. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाजावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांनी घेतलेल्या शेवटच्या भोजनातही तो होता. अमेरिकेत याउलट सोड्याच्या दुकानास मद्यनिषेधाच्या चळवळीने मद्यगृहाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले. फिलाडेल्फियाचा चार्ल्स हायर्स स्वतः मद्यपराङ्मुख. तरी १८७६ च्या प्रदर्शनात त्याने मुळ्यांचा अर्क घालून केलेले पेय ‘रूट बिअर’ या नावाने मांडले. खाणीतल्या मजुरास बिअर म्हणून हातात घेता येईल असे काही निर्व्यसनी पेय द्यावे, हा त्यामागचा हेतू सांगतात.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्यबंदी अमलात आली, आणि बिअरच्या भट्ट्यांपुढे उपासमारीचा प्रश्न उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल येथील युंगलिंग या जुन्या भट्टीने त्याच वर्षी दुग्धालय उघडून आइसक्रीम विकावयास आरंभ केला. सेंट लुईसच्या ॲनहायझर-बुश या बलाढ्य कंपनीनेही तोच मार्ग धरला. थंड ठेवण्याची यंत्रे, गाड्या आणि शीतगृहे तयारच होती. त्यांत बिअरच्या जागी आइसक्रीम ठेवले गेले इतकेच. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली, तेव्हा मद्य आणि आइसक्रीम यांच्या मधली भिंत अगोदरच पातळ झालेली होती. विस्कॉन्सिन या दुग्धव्यवसायी आणि ब्रँडीप्रिय राज्यात, जेथे जर्मन वसाहतवाल्यांची दाट वस्ती, तेथील सपर क्लबांत जेवणाच्या अखेरीस ब्रँडी अलेक्झांडर किंवा पुदिन्याच्या मद्याचा हिरवा ‘ग्रासहॉपर’ आइसक्रीम घुसळून देण्याची परंपरा आजही टिकून आहे.

हे पेय करताना एक खुबी पाळावी लागते, आणि तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे. आइसक्रीम म्हणजे दुधाची चरबी, प्रथिने, हिमकण आणि हवा; सोड्यातला वायू त्या खडबडीत हिमकणांवर बुडबुडे धरतो, आणि प्रथिने त्या बुडबुड्यांस कवच देऊन फेस टिकवितात. मद्य मात्र पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून तीव्र मद्य थेट गोळ्यावर ओतले तर तो लगोलग विरघळतो. यासाठी मद्य आधी खूप गार करावे, आणि फेसास जागा राहावी म्हणून पेला काठोकाठ भरू नये.

आपल्याकडे आबकारी खात्याचा जुना अंमल आणि १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा यांमुळे हा संगम घडला नाही. गोव्यात पोर्तुगीज अमलात फेणी मोकळी होती, आणि तीत लिंबाचे सोडापेय मिसळण्याची चाल तेथे आजही आहे. मुंबईस मात्र ‘आइसक्रीम सोडा’ हे नाव बाटलीवर आले, आणि आत व्हॅनिलाचा स्वाद तेवढा राहिला. पुण्याने मस्तानी घडविली, दाट दुधावर तरंगणारा आइसक्रीमचा गोळा, मद्याच्या थेंबावाचून. माझ्या लहानपणी हापूसच्या पेट्या आल्या की माजघरात लाकडी बादली निघे, तिच्यात बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ यांचे थर पडत, आणि आम्हा मुलांना पाळीपाळीने दांडा फिरवावा लागे. मोठी माणसे अंगणात खुर्च्यांवर बसून वाट पाहत. दांडा हातास जड लागू लागला, म्हणजे आतला रस गोठला असे समजावयाचे, आणि मग आजी बादलीवरचे गोणपाट बाजूला सारी.