जोंधळ्याची भाकरी आणि आमचा दस्तरखान

मुसलमानाचे घर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बिर्याणी येते. सोलापूर, मंगळवेढा, विजापूर या पट्ट्यातल्या आम्हा मुसलमानांच्या चुलीवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्याची भाकरीच होती. घरच्या दखनीत ती 'जवारी की रोटी', एवढाच शेजाऱ्यांपेक्षा फरक. बिर्याणी शादीला.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. दख्खनच्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू येतो. पाणी द्यावे लागत नाही, कडबा जनावरांना होतो. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे रचले. दळता दळता बायकांच्या तोंडी अल्लाचे नाव यावे, हा हेतू. या मुलखात त्या जात्यात बहुतेक ज्वारीच पडत असणार. तसव्वुफ आमच्याकडे पिठाच्या वासातून आला, असे आम्ही म्हणतो ते उगाच नाही.

सेहरीला दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत भूक आठवत नसे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात. मैद्याच्या रोटीपेक्षा रक्तातली साखर सावकाश चढते. ग्लूटेन नाहीच. पण नुसत्या ज्वारीचे गोडवे गाणेही बरे नव्हे. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा अभ्यासला होता. भाकरीसोबत डाळ, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी, बकरी ईदला पायाचा रस्सा, हे सगळे मिळून ते जेवण पुरे होते.

मग ते सुटले कसे? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या मनात भाकरी आणि लाचारी एक झाली. पुढे रेशनचा गहू आला, कॅनॉलकाठी ऊस आला. पाहुण्यांपुढे भाकरी ठेवायची आम्हालाच शरम वाटू लागली. तिला गरिबी समजून हाकलले ते आम्हीच, दुसऱ्या कुणी नाही.

२०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. आता मधुमेह झाल्यावर डॉक्टर आम्हाला भाकरी लिहून देतात आणि आम्ही गव्हापेक्षा जास्त दाम मोजून मालदांडी आणतो. आमच्या घरात ती थापता येते फक्त अम्मीला, आणि हल्ली तिचे मनगट दुखते.