जावेद आबिदी आणि तीन टक्के

१९७७ मध्ये केंद्र सरकारने अपंगांसाठी ३ टक्के नोकऱ्या राखल्या, पण फक्त 'क' आणि 'ड' वर्गात. म्हणजे कारकून-शिपाई व्हा, साहेबीचे नाव काढू नका! अलीगढला जन्मलेले जावेद आबिदी चाकाच्या खुर्चीतून ही मेहरबानी नाकारत राहिले. डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी दिल्लीत धरणे धरले. त्याच महिन्यात संसदेने कायदा मंजूर केला. वरची पदेही खुली झाली. मात्र साहेबांनी 'योग्य' ठरवलेल्या पदांवरच टक्का मोजायचा, ही पळवाट उरली. ती सर्वोच्च न्यायालयाने बंद केली २०१३ मध्ये. तोवर कितीजणांचे वय उलटून गेले असेल! २०१६ च्या कायद्याने टक्का ४ केला, अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले. खाजगी कंपन्यांना समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. जागा राखण्याची सक्ती नाही.