धान्याफळांची नावे : भाषेतिहासाचे एक साधन

भाषेचा इतिहास ताम्रपटांत व शिलालेखांत सापडतो, तसा तो स्वयंपाकघरातही सापडतो. आमच्या येळ्ळूरकडील मूल निबंधात ‘जोंधळा’ लिहिते, पाठ्यपुस्तकात ‘ज्वारी’ असते, आणि पुष्कळदा शिक्षक मुलाचा शब्द खोडून टाकतात. एका वस्तूस दोन नावे असली, की त्यांतील एक अशुद्धच असले पाहिजे, हा समज कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

स्पॅनिश भाषेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. ही एकच भाषा स्पेनमध्ये आणि अमेरिका खंडातील अनेक देशांत चालते. परंतु बटाट्यास पेरू, चिली या देशांत ‘पापा’ म्हणतात, तर स्पेनमध्ये ‘पताता’. ‘पापा’ हा केचुआ भाषेतील शब्द. ‘पताता’ हा त्याचा आणि कॅरिबियन बेटांवरील ‘बताता’ या शब्दाचा संकर होय. या ‘बताता’चा मूळ अर्थ रताळे. भुईमुगासही दक्षिण अमेरिकेत बहुधा ‘मानी’, तर मेक्सिकोत ‘काकाउआते’ म्हणतात. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पेनच्या राजमान्य अकादमीने आपल्या कोशात या सर्व शब्दांना स्थान दिले आहे.

तोच ‘बताता’ पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि येथे बटाट्याचे नाव होऊन बसला. रताळ्याने आपले नाव सोडले नाही. विदर्भात मात्र हिंदीच्या शेजारामुळे ‘आलू’ रूढ आहे. पुण्याकडील ‘पेरू’ तिकडे ‘जांब’ होतो. कोकणची ‘नाचणी’ कोल्हापूरकडे ‘नाचणा’, तर नाशिककडे ‘नागली’ असते. नाव बदलते तेथे वाट किंवा शेजार बदललेला असतो.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपण त्यास भुईतला मूग म्हटले. कानडीने ‘नेलगडले’, म्हणजे जमिनीतला हरभरा म्हटले. आणि ‘काकाउआते’च्या मुळाशी असलेल्या नाउआत्ल शब्दाचा अर्थ आहे भुईतला काकाओ! परस्परांस अपरिचित अशा समाजांनी अनोळखी दाण्यास ओळखीच्या दाण्याचे नाव दिले.

आमच्या सीमाभागात मात्र बोलताना या पिकास ‘शेंगा’च म्हणतात, आणि उत्तर कर्नाटकातील कानडी भाषकांच्या तोंडीही ‘शेंगा’ हाच शब्द आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. राज्यांची हद्द त्या दिवशी बदलली. बाजारातील शेंगांचे नाव बदलले नाही. दोन भाषा शेकडो वर्षे एका बाजारात वावरल्याचा याहून साधा पुरावा कोणता?

प्रमाणभाषा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच. तथापि मुलाचा ‘जोंधळा’ खोडण्याऐवजी त्याच्या शेजारी ‘ज्वारी’ लिहावी, असे आम्हांस वाटते. खोडलेला शब्द मूल शाळेत पुन्हा उच्चारीत नाही, आणि दोन पिढ्यांनी तो घरातूनही जातो. मग इतिहासाचे हे साधन कोणत्याही दप्तरखान्यात सापडावयाचे नाही.