कोकण रेल्वे ‘वेळेत’ झाली होती का?



गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक कोकण रेल्वेच्या वेटिंग लिस्टचे आणि दुसरे मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांचे. डोंगर तेच, पाऊस तोच, नद्या त्याच. पण रेल्वेचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग साडेसात वर्षांच्या आत उभा राहिला. याउलट, पनवेल ते इंदापूर या महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी लोक धक्के खातच गावी जात राहिले.

हे कसं झालं असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: ई. श्रीधरन. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. आज उरलेलं अर्धं बघूया.

आधी थोडं मागे जाऊ. दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ आले 1960 च्या दशकात. पुढे आपटा आणि मग रोहा. रोह्याला गाडी पोहोचली 1986 मध्ये. म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटरला वीसेक वर्षं! तिथे काही सह्याद्री फोडायचा नव्हता. मग अडलं कुठे? पैशाच्या पद्धतीत. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडीशी रक्कम मिळायची, तेवढं काम व्हायचं, की पुन्हा पुढच्या वर्षाची वाट. अशा कामाला शेवटची तारीख नसतेच. कोणी घाई करत नाही, कारण उशिराचं बिल कोणाच्याच नावावर फाटत नाही.

1989 च्या अखेरीस दिल्लीत सरकार बदललं. रेल्वेमंत्री झाले मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस. अर्थमंत्री झाले मधु दंडवते, राजापूरचे खासदार आणि स्वतः माजी रेल्वेमंत्री. मार्गाच्या एका टोकाचा माणूस रेल्वे खात्यात, मधल्या मुलखाचा माणूस तिजोरीवर. असा योग पुन्हा येणार नाही हे दोघांनाही कळत असणार.

त्यांनी काय केलं? रेल्वे खात्याच्या नेहमीच्या रांगेत हे काम लावलंच नाही. जुलै 1990 मध्ये वेगळं महामंडळ काढलं. भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. उरलेला पैसा मुख्यतः बाँड विकून, म्हणजे लोकांकडून आणि संस्थांकडून कर्जाऊ घ्यायचा. खरी मेख इथे आहे मंडळी. कर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि व्याज रविवारी पण चालू असतं. एक महिना उशीर म्हणजे एक महिन्याचं जास्तीचं व्याज. उशिराला पहिल्यांदाच किंमत चिकटली.

आता श्रीधरन. 1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळाने रामेश्वरमचा पांबन पूल मोडला, तेव्हा दुरुस्तीला सहा महिने धरले होते. या तरुण इंजिनिअरने तो 46 दिवसांत उभा केला. 1990 मध्ये ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि या नव्या महामंडळाचे प्रमुख झाले. उद्दिष्ट होतं पाच वर्षांचं.

त्यांनी मार्गाचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग केले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, आणि निर्णय तिथल्या तिथे. ‘फाईल वर पाठवली आहे’ हे आपलं लाडकं वाक्य बरंचसं बाद झालं.

दुसरी गोष्ट जमीन. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक होते. पिढ्यान् पिढ्यांची कलमं, घरं, देवळं. लोकांना भेटून, समजावून जमीन मिळवली गेली, आणि बरंचसं काम साधारण वर्षभरात उरकलं. आपल्याकडे बहुतेक प्रकल्प इथेच रुततात: अर्धी जमीन हातात असताना नारळ फुटतो आणि उरलेली अर्धी कोर्टात असते.

मग डोंगर. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. काळा कातळ फोडायला परदेशातून यंत्रं आणली. कातळ कठीण, पण भरवशाचा. फोडला की उभा राहतो.

घात केला मातीने. नऊ बोगदे मऊ मातीतून जात होते. पाण्याने भिजलेली चिकणमाती, यंत्र चालत नाही, हाताने इंच इंच खणायचं, आणि खणलेलं पुन्हा ढासळायचं. सगळ्यात अवघड ठरला गोव्याच्या हद्दीतला पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर! डिसेंबर 1996 मध्ये मुंबईकडची गाडी सावंतवाडीपर्यंत आली होती, पण पेडण्याशी साखळी तुटत होती. गोव्यात आणखी एक अडथळा आला होता. खाजन शेती आणि जुन्या वस्त्यांमधून जाणाऱ्या मार्गाला विरोध झाला, 1993 मध्ये काम थांबलं, चौकशी आयोग बसला. त्या लोकांचे प्रश्न खोटे नव्हते. ते आराखड्याच्या वेळीच नीट ऐकले असते तर वेळही वाचला असता, असं माझं मत.

अखेर 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

पाच वर्षांचं काम, सात वर्षं चार महिने. मग वेळेत झालं का? कॅलेंडर म्हणतं, नाही. आणि हिशेबात आणखी एक आकडा आहे: 74. इतकी माणसं या बांधकामात गेली. त्यातली 19 फक्त मऊ मातीच्या बोगद्यांत. रत्नागिरीत त्यांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी तिथे उतरलात तर पाच मिनिटं थांबा.

गोष्ट इथे संपत नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली, पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. मग डोंगरांवर जाळ्या, उतारांची दुरुस्ती, रुळांवर पावसाळी गस्त, कमी वेग. आपण ज्या ‘पावसाळी वेळापत्रका’ला वैतागतो, त्याच्यामागे ही माणसं आहेत. आणि तो पेडण्याचा बोगदा? ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत कोसळली, गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै 2024 मध्ये आत पाणी शिरून वाहतूक पुन्हा थांबली. फीत कापल्यावर सव्वीस वर्षांनी!

म्हणून मला वाटतं, कोकण रेल्वेचा धडा ‘एक श्रीधरन आणा’ एवढाच नाही. माणूस थोर होताच. पण त्याच्या हातात आधीच ठरलेला पैसा होता, जागेवर निर्णय घ्यायचा अधिकार होता आणि जमीन लवकर हातात आली. हे तीन नसते तर तोच माणूस फायलींमागे धावताना दिसला असता. आणि हे तिन्ही असूनसुद्धा मातीने आपला वेळ घेतलाच. तो वेळ वेळापत्रकात आधी धरला नाही, तर नंतर कोणीतरी तो भरतो. कधी व्याजाने, कधी जिवाने.

तेव्हा तुमच्या शहरात मेट्रोचा, पुलाचा, रस्त्याचा बोर्ड लागला की तारखेच्या पुढे बघा. पैसा कुठून येणार? जमीन किती टक्के हातात आहे? निर्णय कोण घेणार? आणि उद्घाटनानंतरच्या पहिल्या पावसाची जबाबदारी कोणाची? ही उत्तरं बोर्डावर नसतात. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र दहा रुपयांत होतो.

तुमच्या गावात असं रखडलेलं काम कोणतं आहे, मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि तिकीट मिळालं असेल तर खिडकी सोडू नका!