शबनिम इस्माईलची दोन शेवटची षटकं

दक्षिण आफ्रिकेची वेगवान गोलंदाज शबनिम इस्माईल हिच्या कारकिर्दीचा सर्वात बोलका पुरावा म्हणजे दोन धावफलक. पहिला 18 जुलै 2017चा, ब्रिस्टलचा. एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या 6 बाद 218 धावा. शेवटच्या षटकात इंग्लंडला हव्या होत्या फक्त 3, आणि चेंडू इस्माईलच्या हाती. तिने लॉरा मार्शचा त्रिफळा उडवला. पण आन्या श्रबसोलने चौकार मारला, आणि दोन चेंडू शिल्लक असताना इंग्लंड अंतिम फेरीत गेलं.

दुसरा 24 फेब्रुवारी 2023चा, केप टाउनच्या न्यूलँड्सचा. टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पुन्हा इंग्लंड, कर्णधार पुन्हा हेदर नाइट, आणि शेवटचं षटक पुन्हा इस्माईलचं. या वेळी इंग्लंडला 13 हव्या होत्या. तिने 6 दिल्या आणि नाइटचाच त्रिफळा घेतला. त्याआधी एकाच षटकात डंकली आणि कॅप्सी यांनाही तिने बाद केलं होतं. इस्माईल 27 धावांत 3 बळी. दक्षिण आफ्रिका 6 धावांनी विजयी. पुरुष असो वा महिला, त्या देशाचा वरिष्ठ क्रिकेट संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही इस्माईलच्या जन्मगावात. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 19 धावांनी हरवलं. त्या सामन्याच्या शेवटच्या षटकातही तिने लागोपाठ दोन बळी घेतले होते.

हे दोन कागद शेजारी ठेवले की मधली साडेपाच वर्षं दिसू लागतात. ब्रिस्टलनंतर संघाने शेवटचं षटक तिच्याकडून काढून घेतलं नाही, हे मला विजयाइतकंच मोलाचं वाटतं.

मागे गेलं तर नोंदी विरळ होतात. तिचा जन्म 5 ऑक्टोबर 1988चा, वाढ केप टाउनच्या क्रेव्हनबी भागातली. पहिला एकदिवसीय सामना जानेवारी 2007मध्ये पाकिस्तानविरुद्ध. त्याच वर्षी जुलैत रॉटरडॅमला नेदरलँड्सविरुद्ध कसोटी, आणि सोळा वर्षांत तिची कसोटी ती एकच! या काळात दक्षिण आफ्रिकेच्या महिलांच्या वाट्याला आल्याच तीन कसोट्या: 2007, 2014 आणि 2022. एवढ्या वेगाच्या गोलंदाजाला लाल चेंडू जवळजवळ मिळालाच नाही, याची हळहळ वाटते. 2011मध्ये बांगलादेशातल्या सावरला विश्वचषक पात्रता स्पर्धेत तिने 10 धावांत 6 बळी घेतले. प्रतिस्पर्धी पुन्हा नेदरलँड्सच.

मे 2023मध्ये तिने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. आईवडिलांना आणि भावंडांना वेळ द्यायचा, हे कारण निवेदनात दिलं होतं. तेव्हा खात्यावर 127 एकदिवसीय सामन्यांत 191 बळी, 113 टी-ट्वेंटी सामन्यांत 123, कसोटीत 3. एकदिवसीय बळींच्या यादीत तेव्हा तिच्यापुढे फक्त भारताची झुलन गोस्वामी.

मात्र धावफलकावर वेगाचा रकाना नसतो, आणि त्यामुळे पुढची नोंद काळजीपूर्वक वाचावी लागते. 5 मार्च 2024 रोजी दिल्लीत महिला प्रीमियर लीगमध्ये मुंबई इंडियन्सकडून खेळताना तिने तिसऱ्या षटकात मेग लॅनिंगला टाकलेला चेंडू ताशी 132.1 किलोमीटर वेगाचा होता. महिला क्रिकेटमध्ये तोवर नोंदला गेलेला हा सर्वात वेगवान चेंडू. तो लॅनिंगच्या पॅडवर आदळला, पायचीतचं अपील झालं, पंचांनी ते फेटाळलं. त्या दिवसाच्या धावफलकावर इस्माईलपुढे दिसतं ते एवढंच: 4 षटकं, 46 धावा, 1 बळी. सामना दिल्लीने 29 धावांनी जिंकला. केवळ आकडे पाहणारा हा दिवस वाईट ठरवून पान उलटेल. गोलंदाजी करताना आपण पडद्यावरचा वेग बघत नाही, असं तिने नंतर सांगितलं.

पुढच्या वर्षी, 15 मार्च 2025 रोजी, मुंबईच्या ब्रेबॉर्नवर त्याच दिल्ली संघाविरुद्ध अंतिम सामना होता. इस्माईलने 15 धावांत 1 बळी घेतला आणि मुंबईने 8 धावांनी करंडक जिंकला. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.