कुलधरा : एका बेचिराग गावाची हकिकत

भूगोलाच्या तासाला थरचे वाळवंट आपण वाळूच्या टेकड्या, उंट आणि बाजरी एवढ्यावर आटोपले होते. त्या वाळवंटातल्या एका लहान गावाबद्दल स्मरणिकेच्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा आहे. आपल्याकडच्या महसुली भाषेत त्याला बेचिराग गाव म्हणतील.

हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव. मूळ पालीकडून आले म्हणून पालीवाल. लक्ष्मीचंद यांच्या १८९९ च्या जैसलमेरच्या तवारिखीप्रमाणे कधान नावाचा पालीवाल येथे प्रथम आला आणि त्याने उधनसर हे तळे खोदले. आधी तळे, मग गाव! स्मशानातल्या स्मारकशिळांवर भट्टिक संवतातील लेख आहेत. त्यांतल्या दोन शिळांवर इ. स. १२३५ आणि १२३८ मधील मृत्यूंची नोंद आहे. म्हणजे वस्ती आपल्या ज्ञानेश्वरीपेक्षाही जुनी. आज चारशेहून अधिक घरांचे दगडी अवशेष दिसतात. मधोमध मंदिर आणि गावाच्या लांबीला धरून सरळ रस्ते.

या भागात वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही पालीवाल गहू आणि हरभरा पिकवत, तो 'खडीन'च्या जोरावर. खडकाळ माळावरून वाहून येणारे पाणी उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालून अडवायचे. पाण्याबरोबर गाळ येतो, जमीन कसदार होते. जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुढे सोडायचे. हिवाळ्याच्या तोंडावर पाणी जिरले, की त्या ओलीवर रब्बी पेरायची. वरून पाणी देण्याची गरज नाही. मात्र पाणी ज्या माळावरून येते तो शेतापेक्षा कितीतरी मोठा असावा लागतो, आणि तो मोकळा राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. शेतीबरोबर हे लोक व्यापारही करत.

मग गाव ओस का पडले? वाटाड्ये सांगतात, की दिवाण सालिमसिंह याची नजर गावातल्या एका मुलीवर गेली. तेव्हा ८४ गावांचे पालीवाल एका रात्रीत उठून गेले आणि जाताना शाप देऊन गेले. गोष्ट ऐकायला रंगतदार आहे. पण १८९० च्या सुमारासही कुलधऱ्यात ३७ माणसे राहत असल्याची नोंद आहे. एका रात्रीत रिकाम्या झालेल्या गावात ही माणसे कुठून आली? सालिमसिंहाचा जुलूम मात्र खोटा नव्हे. त्याच काळात राजस्थानात असलेल्या कर्नल जेम्स टॉडने त्याच्या पिळवणुकीबद्दल आणि पालीवालांच्या परागंदा होण्याबद्दल लिहून ठेवले आहे. दुसरीकडे, गावाचा अभ्यास केलेल्या इतिहासकारांना एकोणिसाव्या शतकात विहिरी एकामागून एक आटत गेल्याचे दिसले. अलीकडे काही संशोधकांनी भूकंपाचीही शक्यता मांडली आहे. पाणी घटले आणि सारा मात्र घटला नाही, तर शेतकऱ्याने करायचे काय? घरटी माणसे हळूहळू निघून गेली असावीत, हेच अधिक पटते.

शापाच्या गोष्टीने कुलधऱ्याला 'भुताचे गाव' करून टाकले. त्यात दोन गोष्टी झाकल्या जातात : करवसुलीने माणसे कशी देशोधडीला लागतात, आणि एवढ्याशा पावसावर गहू पिकवणारी अक्कल त्यांच्यापाशी होती. पालीवालांचे वंशज आज ठिकठिकाणी नांदत आहेत. जैसलमेर जिल्ह्यात खडीनची शेतीही अजून होते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, जैसलमेरच्या सहलीत कुलधरा जरूर पाहा. पण हिवाळ्यात गेलात तर वाटाड्याला भुताऐवजी खडीनचा पत्ता विचारा. रेताड मुलुखात हिरवागार गहू दिसला, की आपल्या भूगोलाच्या सरांनाही फोटो पाठवा.